अनुपानाचा शोध : इन्सुलिन गिळण्याच्या शंभर वर्षांची कहाणी

'अनुपान' हा शब्द आता वर्गात समजावून सांगावा लागतो. आमच्या पिढीपर्यंत तो घरातला शब्द होता. आजी सहाणेवर मात्रा उगाळायची आणि मधातून चाटवायची. कधी मधाऐवजी तूप असे, कधी आल्याचा रस. औषध एक आणि ते ज्याच्या सोबतीने पोटात जाते ती वस्तू दुसरी, एवढा भेद त्या एका शब्दात सामावलेला होता. वैद्य नुसते औषध सांगत नसे, अनुपानही सांगे. कारण औषध कितीही गुणकारी असले तरी योग्य सोबतीवाचून ते इष्ट स्थळी पोचत नाही, ही समजूत त्यामागे होती. प्रस्तुत लेख एका आधुनिक औषधाच्या अनुपानाविषयी आहे. ते औषध म्हणजे इन्सुलिन. त्याचा शोध लागून शंभर वर्षे उलटून गेली. त्याच्या अनुपानाचा शोध मात्र अजून चालूच आहे.

मराठीच्या अध्यापकांनी या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याला एक निमित्त घडले. आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीला लहानपणापासून मधुमेह आहे. पहिल्या प्रकारचा, म्हणजे ज्यात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ तयारच करीत नाही. तासाला येताना तिच्या पिशवीत वह्यांच्या बरोबरीने इन्सुलिनचे पेन असते. एका पावसाळ्यात ती पंधरा दिवस आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले ते असे : गावाकडे कुणीतरी भ्रमणध्वनीवर फिरणारा एक मजकूर वाचून दाखवला होता. 'शास्त्रज्ञांनी पाल्यातून इन्सुलिन तयार केले आहे, आता सुईची गरज नाही', असा त्याचा आशय. परसात 'इन्सुलिनचे झाड' म्हणून रोपवाटिकेतून आणलेले एक झुडूप होतेच. नातीच्या अंगाला रोज पडणारी भोके पाहून हळहळणाऱ्या आजीने मायेपोटी त्याची पाने सुरू केली, आणि सुई थांबवली. चौथ्या दिवशी मुलीला रुग्णालयात न्यावे लागले. ती वाचली. परत आल्यावर तिने आम्हांला विचारले, "सर, शंभर वर्षं झाली ना शोध लागून? मग गोळी का नाही हो निघत? आणि त्या पाल्याचं सगळंच खोटं होतं का?"

या दोन प्रश्नांना आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधताना जे वाचले, ते येथे क्रमाने मांडत आहोत.

२

या रोगाचे नाव आपल्याकडे जुने आहे. चरक आणि सुश्रुत यांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि त्यांत मधुमेहाची गणना केली. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण त्या काळातले आहे. जन्मजात प्रमेह आणि आहारविहाराच्या दोषाने जडणारा प्रमेह, कृश रोगी आणि स्थूल रोगी, हा भेदही त्यांनी नोंदवला होता. युरोपात इंग्रज वैद्य टॉमस विलिस याने १६७४ साली मूत्राच्या गोडीचा उल्लेख केला आणि १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन याने ही गोडी साखरेचीच असल्याचे दाखवले. तथापि गोडी कळली म्हणून कारण कळले असे झाले नाही.

कारणाचा माग लागला तो एकोणिसाव्या शतकात. १८६९ मध्ये पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याला स्वादुपिंडात सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे वेगळे पुंजके दिसले. त्यांचे काम काय, हे त्याला सांगता आले नाही. वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह झाला. पुढे त्या पुंजक्यांना 'लँगरहॅन्सची बेटे' म्हणू लागले आणि त्यांतून पाझरणाऱ्या अज्ञात द्रव्याला, ते हाती येण्याआधीच, बेट या अर्थाच्या 'इन्सुला' ह्या लॅटिन शब्दावरून नाव मिळाले. वस्तूच्या आधी शब्द जन्माला आला, असे हे एक उदाहरण आहे.

ते द्रव्य हाती आले १९२१ च्या उन्हाळ्यात, कॅनडातील टोरांटो येथे. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग केले. जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध करण्याची रीत बसवली. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले, ते फारसे लाभले नाही. २३ जानेवारीपासून कॉलिप यांचा शुद्ध अर्क दिला, आणि मुलाची साखर उतरली. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचे दिवस वाढवणे, एवढाच उपचार होता. १९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोधाचे हक्क बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले होते. हे औषध कुणा एकाच्या मालकीचे राहू नये, अशी त्यामागची भावना होती.

३

आता विद्यार्थिनीचा पहिला प्रश्न. तोंडाने घेण्याची कल्पना कुणालाच सुचली नाही काय? सुचली, आणि अगदी लगेच सुचली. १९२३ मध्येच जी. ए. हॅरिसन या इंग्रज संशोधकाने मद्यार्कात विरघळवलेले इन्सुलिन तोंडाने देण्याविषयी ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. म्हणजे पहिले अनुपान मद्यार्काचे होते. परिणाम मात्र भरवशाचा नव्हता.

का नव्हता, हे पुढे हळूहळू उलगडले. इन्सुलिन हे प्रथिन आहे. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत त्याची संपूर्ण जडणघडण उलगडली : एकवीस आणि तीस अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, एकूण एक्कावन्न दुवे. कोणत्याही प्रथिनाचा असा पूर्ण क्रम माणसाला प्रथमच वाचता आला आणि सँगर यांना त्याबद्दल १९५८ चे नोबेल मिळाले. डोरोथी हॉजकिन यांनी १९६९ मध्ये त्याची त्रिमितीय रचना दाखवली. परंतु प्रथिन म्हणजे अन्नच. डाळीचे वरण आणि इन्सुलिन यांत पोट भेद करीत नाही. जठरातले आम्ल त्याची घडी मोडते. पेप्सीन आणि पुढे लहान आतड्यातले ट्रिप्सीन, कायमोट्रिप्सीन हे पाचक रस त्याचे तुकडे करतात. त्यांतूनही जे वाचेल त्याला आतड्याचे अस्तर ओलांडता येत नाही. त्या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि इन्सुलिनचा रेणू त्यांच्या फटींतून जाण्याइतका लहान नाही. पहिला अडथळा नाशाचा आणि दुसरा प्रवेशाचा, असे हे दुहेरी संकट आहे.

असे असूनही संशोधकांनी तोंडाचा नाद सोडला नाही, याला सुईच्या भीतीपलीकडचे एक कारण आहे. निरोगी शरीरात स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन प्रथम यकृतात जाते. यकृत त्याचा मोठा वाटा वापरते आणि उरलेले बाकीच्या शरीराकडे जाते. त्वचेखाली टोचलेले इन्सुलिन ही वाट उलटी चालते. आधी सर्व शरीरात पसरते, मग यकृतापर्यंत पोचते. आतड्यातून शोषलेले इन्सुलिन मात्र आपोआप यकृताच्या दाराशी जाईल. तेव्हा तोंडाची वाट निव्वळ सोयीची नाही. ती निसर्गक्रमाला अधिक जवळची आहे.

अनुपाने बदलत गेली. १९७६ मध्ये स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म पिशव्यांत इन्सुलिन भरून पाहिले गेले. १९८६ मध्ये मरे सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती योजली : इन्सुलिनला असे वेष्टन द्यायचे, की जे जठरात आणि लहान आतड्यात अभेद्य राहील आणि मोठ्या आतड्यात पोचल्यावर तेथल्या जीवाणूंकडूनच उकलले जाईल. ही युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. ती पुढे वेगळ्या वेषात परत येते.

अपयशाची यादीही लांब आहे. बंगळुरूच्या बायोकॉनने विकसित केलेले तोंडाने घ्यायचे इन्सुलिन २०११ मध्ये भारतातील मोठ्या चाचणीचे मुख्य उद्दिष्ट गाठू शकले नाही. नोव्हो नॉर्डिस्कच्या गोळीने २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साखर खरोखरच आटोक्यात ठेवली, परंतु त्यासाठी टोचायच्या इन्सुलिनच्या कित्येक पट मात्रा लागली. ती परवडणारी नसल्याने कंपनीने काम थांबवले. इस्राएलमधील ओरामेड कंपनीची गोळी २०२३ च्या जानेवारीत तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत अयशस्वी ठरली. तेव्हा "गोळी का निघत नाही" याचे उत्तर "कुणी प्रयत्न केला नाही" असे नाही. गोळी निघाली, एकदाच नव्हे तर अनेकदा; पुरेशी आणि परवडेल अशी निघाली नाही.

४

आता पाल्याची गोष्ट. तिचा उगमही नेमका १९२३ मध्येच सापडतो. ज्या कॉलिप यांनी इन्सुलिन शुद्ध केले, त्यांनीच त्या वर्षी कांद्याची पात, लेट्यूस, यीस्ट इत्यादींच्या अर्कात साखर उतरवणारे द्रव्य असल्याचे जाहीर केले आणि त्याला 'ग्लुकोकायनिन' हे नाव दिले. वनस्पतींचेही एक इन्सुलिन असावे, असा तो तर्क होता. ती कल्पना पुढे मागे पडली. येथे आधी सांगितलेल्या उदाहरणाच्या उलट घडले : तेथे शब्दामागून वस्तू आली, येथे शब्दामागून वस्तू आलीच नाही. आपल्याकडे कारल्यातील एका प्रथिनाविषयी १९८१ मध्ये भारतीय संशोधकांनी लिहिले आणि 'वनस्पतीतील इन्सुलिन' ही कल्पना पुन्हा चर्चेत आली. परंतु एखाद्या वनस्पतीने साखर थोडी उतरणे वेगळे आणि ज्याच्या शरीरात इन्सुलिनच नाही त्याला इन्सुलिनचा पर्याय मिळणे वेगळे. परसातल्या झुडपाला लोकांनी 'इन्सुलिन' हे नाव दिले. नावाने गुण आला नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या घरी नेमकी हीच गल्लत झाली.

वनस्पतीचा दुसरा मार्ग यापेक्षा पूर्णतः निराळा आहे. त्यात वनस्पतीकडे मुळात इन्सुलिन असल्याचा दावा नाही. मानवी इन्सुलिनचा जनुक वनस्पतीत घालून तिच्याकडून ते करवून घ्यायचे, असा तो बेत आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्यात यश आले होते आणि १९८२ पासून ते औषध म्हणून मिळू लागले. तोवर इन्सुलिन गाईगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जात असे. जीवाणूला जे शिकवता येते ते रोपाला का नाही, हा पुढचा प्रश्न होता. कॅनडातील कॅल्गरी येथल्या सेम्बायोसिस या कंपनीने त्यासाठी करडई निवडली. सोलापूर-मराठवाड्याच्या वाचकांना करडई काय ते सांगायला नको. करडईच्या बियांत इन्सुलिन साठवून मग ते वेगळे काढायचे, अशी ती योजना होती. माणसांवर चाचणीही झाली. पण ते इन्सुलिन शेवटी टोचायचेच होते, आणि २०१२ मध्ये कंपनी बंद पडली.

पान खाऊन इन्सुलिन मिळवण्याच्या दिशेने पहिले मोठे पाऊल १९९८ मध्ये पडले. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात विल्यम लँग्रिज यांच्या गटाने बटाट्यात इन्सुलिन तयार करवले, आणि ते एकटे नव्हे, तर एका दुसऱ्या प्रथिनाला जोडून. ते दुसरे प्रथिन पटकीच्या विषाचा एक भाग होते.

येथे थोडे थांबले पाहिजे. पटकी हा शब्द उच्चारला की मराठी गावांची एक आठवण जागी होते. वेशीवरची मरीआई, तिचा गाडा, ओस पडलेल्या आळ्या. तो रोग एका विषामुळे होतो, हे १९५९ मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले. जीवाणू गाळून टाकलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पटकीची लक्षणे उमटतात, असे त्यांनी दाखवले. पुढे कळले की या विषाचे दोन भाग असतात : एक मारणारा, दुसरा नेणारा. नेणारा भाग आतड्याच्या अस्तराला घट्ट धरतो आणि सोबतच्याला आत नेतो. मारणारा भाग काढून टाकला, तर उरतो तो निरुपद्रवी वाहक. आतड्याचे जे दार इन्सुलिनला उघडता येत नव्हते, त्याची किल्ली पटकीपाशी होती. ज्या विषाने गावे ओस पाडली त्याचाच अर्धा भाग आता औषधाचे अनुपान म्हणून निवडला गेला.

बटाट्याच्या प्रयोगाचा हेतू मात्र नीट समजून घेतला पाहिजे. तो साखर उतरवण्याचा नव्हता. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच इन्सुलिन करणाऱ्या पेशींवर हल्ला करते. जे अन्नातून येते त्याला ही यंत्रणा सहसा शत्रू मानत नाही. म्हणून इन्सुलिन अन्नातून देऊन तिला सबुरी शिकवावी, असा तो विचार होता. उंदरांत त्याचा काही लाभ दिसला. २००७ मध्ये फ्लोरिडात हेन्री डॅनियल यांच्या गटाने तंबाखू आणि लेट्यूस यांच्या पानांतून हाच हेतू पुढे नेला. डॅनियल यांचे उच्च शिक्षण मदुराई कामराज विद्यापीठातले. त्यांनी जनुक पेशीच्या केंद्रकात न घालता हरितलवकात घातला. एका पेशीत हरितलवकांच्या जनुकसंचाच्या हजारो प्रती असतात, त्यामुळे प्रथिन विपुल तयार होते. शिवाय बहुतेक पिकांत हरितलवक परागकणांतून पुढे जात नसल्याने तो जनुक शेजारच्या शेतात पसरण्याची भीती कमी असते. तंबाखूत उत्पादन भरघोस आले, पण तंबाखू खाऊ घालणार कुणाला? म्हणून लेट्यूस.

यानंतर हेतू बदलला. सबुरी शिकवण्याऐवजी प्रत्यक्ष साखर उतरवण्याचे प्रयोग सुरू झाले. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातून डॅनियल आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात गोठवून वाळवलेल्या लेट्यूसच्या पेशी मधुमेही उंदरांना तोंडाने दिल्या, तेव्हा पंधरा मिनिटांच्या आत साखर उतरू लागली, आणि ती नैसर्गिक इन्सुलिनच्या धर्तीवर. यात अनुपान आहे ती वनस्पतीची पेशी स्वतःच. तिची भित्तिका सेल्युलोजची. आपल्या पाचक रसांना सेल्युलोज पचत नाही, म्हणून आतले इन्सुलिन जठर सुखरूप ओलांडते. आतड्यातले जीवाणू ती भित्तिका फोडतात. म्हणजे सॅफ्रन यांनी १९८६ मध्ये कृत्रिम वेष्टनाने जे साधू पाहिले, ते पानाच्या पेशीत आयतेच होते. मग पटकीचा वाहक इन्सुलिनला अस्तरापलीकडे नेतो, आणि तेथे शरीराचेच एक विकर त्या दोघांची ताटातूट करते. वाळवलेला पाला साध्या तापमानात टिकतो. शीतपेटी, शुद्धीकरणाचे कारखाने आणि सुया, हे तिन्ही खर्च त्यामुळे टळावेत, अशी अपेक्षा आहे. जेथे दिवसातून अनेक तास वीज नसते आणि इन्सुलिनची कुपी माठाच्या गारव्याला ठेवावी लागते, तेथे या अपेक्षेचे मोल काय, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

५

परंतु ही अपेक्षा आहे, वस्तुस्थिती नव्हे. तो प्रयोग उंदरांवरचा आहे. उंदरांत यशस्वी ठरलेल्या अनेक गोष्टी माणसांत ठरल्या नाहीत. इन्सुलिन तोंडाने देऊन पहिल्या प्रकारचा मधुमेह टाळण्याच्या अमेरिकेतील मोठ्या मानवी चाचणीत २००५ मध्ये एकूण लाभ दिसला नव्हता, हे विसरता येत नाही. आणखी एक अडचण इन्सुलिनच्या स्वभावातच आहे. ते मोजून घ्यायचे औषध आहे. थोडे कमी पडले तर साखर चढते, थोडे अधिक झाले तर माणूस शुद्ध हरपतो. दोन माणसांची आतडी सारखी नसतात, एकाच माणसाचे आतडे दोन दिवस सारखे नसते. पानातून दर वेळी नेमके किती इन्सुलिन रक्तात पोचेल, याची हमी मिळेपर्यंत पाला हे औषध नाही.

हे सर्व वाचून झाल्यावर आमच्या लक्षात आले, की विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्याच विषयात होते. पाल्याचे सगळे खोटे होते काय? नाही. मूळ शोधनिबंधातले विधान खरे होते, झाडही खरे होते, आजीची मायाही खरी होती. चुकले ते क्रियापद. 'उंदरांत साखर उतरली. माणसांत उतरू शकेल' हे मूळ विधान. मराठीत येता येता 'उंदरांत' हा शब्द गळाला, 'शकेल' गळाले, आणि उरले 'पाल्याने साखर उतरते'. व्याकरणाच्या तासाला आम्ही आख्यात आणि अर्थ शिकवतो. ते गुणांपुरते असते असे विद्यार्थ्यांना वाटते, आणि खरे सांगायचे तर अधूनमधून आम्हांलाही वाटते. विध्यर्थाचा वर्तमानकाळ झाला म्हणून एक मुलगी रुग्णालयात गेली, हे पाहिल्यावर आता तसे वाटत नाही. दुसरी चूक नामाची : एकच 'इन्सुलिन' हे नाव औषधाला आणि परसातल्या झुडपाला.

एक गोष्ट आम्ही तिला आणखी सांगितली. संस्कृतात 'ओषधि' म्हणजे वनस्पती, आणि 'औषध' हा शब्द तिच्यापासूनच झालेला. तेव्हा इन्सुलिन एखाद्या दिवशी पानातून येईल, तर ते शब्दाच्या मूळ घरी परतणे ठरेल. ही कल्पना आम्हांला मनापासून आवडते. पण व्युत्पत्ती म्हणजे पुरावा नव्हे, हेही त्याच वेळी सांगितले.

ती हसली. मग तास संपल्यावर नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर जाऊन तिने पेन काढले, मात्रा लावली, आणि डबा उघडला.